वजन उतरवताना उमेद टिकवण्याची रीत

पुण्यातील पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे त्या पायऱ्यांवर चढायला धड वाट मिळत नाही; जिकडेतिकडे नवे बूट, नव्या बाटल्या आणि मोठ्या आवाजातले संकल्प. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत ही गर्दी ओसरू लागते आणि होळीच्या सुमारास नेहमीची मंडळी तेवढी उरतात. यासाठी आपल्याकडे ‘आरंभशूर’ असा नेमका शब्द आहे. मी स्वतः दोनदा आरंभशूर ठरलेली असल्यामुळे त्या गळालेल्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. तिसऱ्या खेपेला मात्र १८ महिन्यांत ११ किलो वजन उतरले आणि गेली तीन वर्षे ते थोड्याफार फरकाने तिथेच आहे. या खेपेला माझी जिद्द काही वाढलेली नव्हती. आखणी तेवढी वेगळी होती: उत्साह अजिबात नसलेल्या दिवशीही ठरलेले काम पार पडावे, अशा बेताने ती केली होती. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ती इथे क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीआधी

बुटांच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एवढ्या तपासण्या झाल्या की पुढचा बराच मनस्ताप वाचतो. थायरॉइडचे काम मंदावलेले असेल आणि ते ठाऊकच नसेल, तर दोन महिने मन मारूनही वजनाचा काटा जेमतेम हलतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी केल्यावर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अशा वेळी औषधाची मात्रा डॉक्टरांनीच बदलून द्यायला हवी. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, अठरा वर्षांखालील मुले आणि खाण्याविषयीच्या मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्ती यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजून थेट तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

त्यानंतर शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता हे माप घ्यायचे असते. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त कंबर ही धोक्याची खूण मानतात. बॉडी मास इंडेक्सची (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) भारतीयांसाठीची मर्यादाही कडक आहे: २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता, कारण तेवढ्याच वजनात आपल्या पोटाभोवती चरबी अधिक साठते. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. ती वही पुढे फार लागणार आहे.

पायरी पहिली: लहान उद्दिष्ट, आणि त्यामागचा हिशेब

‘लग्नाच्या वेळचे वजन परत आणायचे’ हे उद्दिष्ट ऐकायला गोड असले तरी त्याच्यामुळेच बहुतेक जण गळतात, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या सहा महिन्यांसाठी सध्याच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के उतरवणे एवढेच ठरवा. वजन ७८ किलो असेल तर हे चार ते साडेपाच किलो होतात. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या एका गटाला ७ टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे एवढेच उद्दिष्ट दिले होते, आणि त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले.

आता हिशेब. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरींची तूट पाडली तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरतो, तोही कागदावर. प्रत्यक्षात वेग यापेक्षा थोडा कमीच राहतो. खाणे कमी केल्यावरच्या पहिल्या आठवड्यात मात्र दीड-दोन किलो झपाट्याने जातात आणि मन हुरळते. त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो: स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीराबाहेर पडते. तिसऱ्या आठवड्यात हाच काटा २०० ग्रॅमवर येतो आणि ‘आपले काहीतरी चुकते आहे’ असे वाटून माणूस सोडून देतो. वास्तविक खरे काम त्याच आठवड्यात सुरू झालेले असते. हे आधी ठाऊक असले, तर तो आठवडा निभावतो.

पायरी दुसरी: आठवडाभर काहीही न बदलता नोंद

पहिल्या आठवड्यात काहीच सोडू नका. जे खाता ते फक्त लिहा. चहासोबतची दोन बिस्किटे, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, पोह्यांची चव पाहताना खाल्लेले चार घास, सारे लिहा. माझ्या वहीत दिवसाचे चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर निघाली. एक छोटा चमचा म्हणजे पाच ग्रॅम, २० कॅलरी. आठ चमच्यांच्या १६० कॅलरी मी रोज नुसत्या पीत होते आणि ‘मी तर गोड खातच नाही’ असे लोकांना सांगत होते.

दुसरी नोंद तेलाची. तेलाचा डबा फोडला की त्यावर खडूने किंवा पेनाने तारीख घाला आणि तो संपला की पुन्हा तारीख पाहा. आमच्याकडे चार माणसांत पाच लिटरचा डबा २८ दिवसांत संपला. म्हणजे माणशी दिवसाला ४० ग्रॅम तेल, आणि एका ग्रॅमला नऊ कॅलरी या दराने ३६० कॅलरी, बाहेरची भजी-वडे वेगळेच. बैठे काम करणाऱ्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरते. मी कोणाला न सांगता फोडणीचे पळीभर तेल मोजून घ्यायला सुरुवात केली आणि पुढचा डबा ४३ दिवस पुरला. घरात चवीबद्दल एक अक्षरही कोणी काढले नाही. डबा संपायला लागणाऱ्या दिवसांचा आकडा वाढताना पाहून मला जो हुरूप आला, तो वजनकाट्याने कधी दिला नव्हता, आणि तो घरातल्या चौघांचाही फायदा होता.

नोंद पूर्ण झाली की तिच्यातून दोनच बदल निवडा. दहा नकोत. ते दोन महिनाभर अंगवळणी पडले की तिसरा घ्या.

पायरी तिसरी: ताट आपलेच, वाढणी वेगळी

परदेशी पदार्थांच्या याद्या घेऊन स्वयंपाकघरात शिरलात तर पंधरा दिवसांत कंटाळाल, खिसाही रिकामा होईल. ज्वारी-बाजरीची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, पिठले, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक यांत वजन उतरवण्याचे सर्व साहित्य आहे. बदलायचे ते प्रमाण आणि वाढण्याचा क्रम. आधी कोशिंबीर आणि उसळ ताटात भरपूर घ्या, मग भाकरी किंवा पोळी, आणि भात शेवटी एक मूद. भात वर्ज्य करण्याचे कारण नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला भात सोडायला सांगणे म्हणजे त्याला आठव्या दिवशी माघारी पाठवणे होय.

प्रथिनांकडे खास लक्ष द्या, कारण ती पोट जास्त वेळ भरलेले ठेवतात आणि वजन उतरताना स्नायूंची झीज रोखायला मदत करतात. निरोगी प्रौढाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. वरणाला फोडणी देताना त्यात डाळ किती आणि पाणी किती, याचा प्रामाणिक विचार केला तर बहुतेक शाकाहारी घरांत ती कमी पडतात असे दिसेल. दही, पनीर, फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीन, आणि चालत असतील तर अंडी व मासे यांनी ही उणीव भरून निघते.

दिवसातला सर्वांत नाजूक काळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसातचा असतो. कचेरीतून निघताना पोटात आग पडलेली असते आणि कोपऱ्यावर वडे तळले जात असतात. त्या क्षणी संयमाची परीक्षा देऊ नका, तुम्ही नापास व्हाल. मी शेकडो वेळा झाले आहे. पावणेपाचला मूठभर फुटाणे, एखादे फळ किंवा एक वाटी दही खाऊन घ्या, म्हणजे वडेवाल्यापाशी पोचाल तेव्हा पोट शांत असेल.

पायरी चौथी: व्यायाम, न टाळता येईल इतका लहान

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. हे पोचायचे ठिकाण आहे. पहिल्या दोन आठवड्यांत रोज दहा मिनिटे चाला, आणि अधिक चालावेसे वाटले तरी थांबा. हे विचित्र वाटेल, पण पहिल्याच दिवशी तासभर पळून चौथ्या दिवशी गुडघे धरून बसण्यापेक्षा ‘अजून चालता आले असते’ या भावनेने घरी येणे दुसऱ्या दिवशी बाहेर पडायला मदत करते. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत न्या.

दिवसाला १०,००० पावलांचा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे; त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. तेव्हा तो आकडा पवित्र मानू नका. सध्या ३,००० पावले होत असतील तर ४,५०० ही मोठी मजल आहे.

‘रोज व्यायाम करीन’ असा मोघम निश्चय टिकत नाही. तो वेळ, जागा आणि आधीची एखादी पक्की सवय यांना बांधावा लागतो: ‘सकाळचा चहा संपला की कप विसळून लगेच बूट घालीन आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येईन.’ त्याला एक पर्यायही जोडून ठेवा: ‘पाऊस असेल तर घरातच सूर्यनमस्कार घालीन.’ आपल्याकडे जूनमध्ये चालण्याचे जेवढे संकल्प वाहून जातात, तेवढे दुसऱ्या कोणत्याही कारणाने जात नसावेत. सूर्यनमस्काराला जागा चटईएवढी लागते. सहा नमस्कारांनी सुरुवात करून महिन्याभरात बारापर्यंत जाता येते. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असेल तर मात्र आधी विचारून घ्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून दंड काढणे हेही नवख्यासाठी पुरेसे बळाचे व्यायाम आहेत.

एक भ्रम इथेच दूर केलेला बरा. ७५ किलोच्या माणसाने अर्धा तास भराभर चालल्यावर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. चाललो म्हणून वडापाव, हा सौदा तोट्याचा आहे. वजन मुख्यतः ताटातून उतरते. व्यायामाने झोप सुधारते, साखर आवरते, स्नायू राखले जातात आणि उतरलेले वजन टिकवायला मदत होते.

पायरी पाचवी: काटा आठवड्यातून एकदाच, खूण मात्र रोज

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी प्रातर्विधीनंतर आणि काही खाण्यापूर्वी करा. आदल्या रात्रीचे खारट जेवण, बद्धकोष्ठ, मासिक पाळीपूर्वीचे दिवस यांमुळे शरीरात पाणी साठते आणि काटा एक-दीड किलोने सहज वर-खाली होतो. लोणचे-पापडाच्या पंगतीनंतर सकाळी वाढलेले किलोभर वजन म्हणजे चरबी नव्हे. म्हणून एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका; चार आठवड्यांच्या आकड्यांची सरासरी मागच्या चारांशी ताडून पाहा, आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा.

रोजची खूण मात्र कामाची करा, वजनाची नको. भिंतीवरच्या कालनिर्णयात चाललेल्या दिवशी तारखेच्या चौकटीत मी लाल पेनाने फुली मारत असे. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी त्या फुल्या दिसत, आणि सहा फुल्यांनंतरची कोरी चौकट डोळ्यांत खुपत असे. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांवर गेला. त्यातली मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. त्यामुळे माझा नियम एवढाच होता: एक चौकट कोरी चालेल, सलग दोन नाही.

याखेरीज शरीराच्या ताकदीची एखादी खूण ठरवा. पहिल्या दिवशी पर्वती चढताना मी चार ठिकाणी थांबले होते आणि वर पोचल्यावर दहा मिनिटे कठड्याला टेकून होते. अडीच महिन्यांनी एकदाच थांबले. त्या महिन्यात वजन केवळ ७०० ग्रॅमने उतरले होते, आणि तरीही मी सोडले नाही, ते या खुणेमुळेच.

काटा अडकतो तेव्हा

केव्हातरी, बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, वजन तीन-चार आठवडे जागचे हलत नाही. हलके झालेले शरीर बसल्याजागी आणि चालतानाही कमी कॅलरी खर्च करते, भूक वाढवणारी संप्रेरके जोर धरतात, आणि इकडे पळी नकळत पुन्हा मोठी झालेली असते. अशा वेळी उपाशी राहू नका. आठवडाभर पुन्हा सारे लिहून काढा, तेलाच्या डब्यावरची तारीख पाहा, चालण्यात एखादा चढ किंवा जिना घाला, आणि झोप सहा तासांपेक्षा कमी होत असेल तर आधी ती सुधारा, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते. एवढे करूनही महिनाभर काही हलले नाही तर पुन्हा तपासणी करा. चक्कर येणे, केस मूठमूठ गळणे, पाळी बंद होणे यांपैकी काहीही झाले तर तूट फार मोठी पडते आहे असे समजून लगेच डॉक्टरांना भेटा.

सण, उपास आणि आग्रह

आपल्याकडच्या माणसाची खरी कसोटी इथे लागते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि सढळ हाताने तूप पडले की एका भरल्या ताटलीत पाचशेच्या वर कॅलरी सहज होतात, आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. उपास श्रद्धेचा असेल तर जरूर करा, पण वजनाच्या खात्यात तो जमा धरू नका. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि फळे यांनी तोच उपास बराच हलका होतो.

गणपतीत मोदक खा. सकाळी उकडलेला, वर तुपाची धार सोडलेला मोदक सोडायला सांगण्याची माझी छाती नाही. पण जेवण झाल्यावर वर तीन मोदक आणि जेवणातच भाताऐवजी दोन मोदक, यांत फरक आहे. दिवाळीचा फराळ डब्यातून उभ्याने खाऊ नका. बशीत चकली, करंजी, चिवडा एकदाच वाढून घ्या, बसून खा, आणि तो संध्याकाळच्या खाण्याच्या जागी धरा. फराळाचा डबा फळीवर वरच्या बाजूला, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असा ठेवला तर निम्मे येता-जाता खाणे आपोआप थांबते.

पंगतीतल्या आग्रहाला ‘मी डाएटवर आहे’ हे उत्तर देऊ नका. त्यावर सारी पंगत तुमच्या तब्येतीवर बोलू लागते, आणि कोणीतरी ‘आज एक दिवसाने काय होते’ म्हणत पुरणपोळी वाढूनच टाकते. ‘अर्धीच वाढा मावशी, छान झाली आहे, संपली की मीच मागून घेते,’ असे म्हणा. वाढणारीचा मान राहतो आणि ताटात अर्धीच पडते. सावकाश खा, रिकामे ताट दिसले की वाढपी येतोच.

आणि तरीही एखाद्या लग्नात पाच जिलब्या जातील. दुसऱ्या दिवशी लंघन करून स्वतःला शिक्षा देऊ नका, कारण त्याची भरपाई शरीर तिसऱ्या दिवशी करून घेते. पुढचेच जेवण नेहमीसारखे जेवा. ‘आता आठवडा गेलाच आहे, सोमवारपासून पाहू’ हे वाक्य मनात उमटले की सावध व्हा. जिलब्यांच्या सातशे कॅलरींपेक्षा सोमवारपर्यंतचे चार दिवस जास्त महागात पडतात.

घरची माणसे

सर्वांना जाहीर सांगण्याची गरज नाही. घरातल्या एकाला विश्वासात घ्या, आणि त्याच्याकडून काय हवे ते स्पष्ट सांगा: ‘मला खाण्यावरून टोकू नकोस, सकाळी सहाला फक्त हाक मार.’ सासूबाईंना ‘तेल कमी घाला’ असे सांगण्यापेक्षा ‘आई, आजची फोडणी मी घालते’ असे म्हणणे अधिक चालते. चार-पाच किलो उतरले की ‘किती उतरलीस, आजारी होतीस का?’ असे विचारणारेही भेटतील. ‘नाही, आता पर्वती न थांबता चढते’ एवढे उत्तर पुरे.

वजन उतरल्यावर

ठरवलेले वजन गाठल्यावर नोंदी एकदम बंद करू नका. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यातल्या बहुतेकांनी आठवड्यातून निदान एकदा वजन पाहणे आणि रोज तासाभराच्या आसपास हालचाल करणे सोडलेले नाही. आणि सर्वांत जास्त केला जाणारा व्यायाम म्हणजे साधे चालणे. मी माझ्या वहीत एक लाल रेघ आखली आहे: गाठलेल्या वजनाच्या दोन किलो वर. काटा त्या रेघेवर गेला की त्याच दिवशी नवी वही सुरू होते, तेलाच्या डब्यावर तारीख पडते आणि आठवडाभर सारे लिहिले जाते. तीन वर्षांत असे दोनदा झाले, दोन्ही वेळा दिवाळीनंतर.